जेरुसलेमचे संत सिरिल आणि पवित्र तेले



मार्च महिन्याच्या १८ तारखेला ख्रिस्तसभा जेरुसलेमचे बिशप संत सिरिल यांचे स्मरण करते. हा दिवस नेहमी उपवासकाळातच येतो आणि दुसऱ्याच दिवशी संत योसेफांचा मोठा सण असतो, त्यामुळे तो बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. तरी आम्ही याच संतांविषयी लिहावयाचे ठरविले, त्याला कारण आहे. पवित्र सप्ताह जवळ आला की आपले बिशपमहोदय धर्मप्रांतातील धर्मगुरूंसमवेत कॅथेड्रलमध्ये तेलांना आशीर्वाद देतात. त्या तेलांच्या तीन लहान बाटल्या आपल्या चर्चमध्ये येतात आणि वर्षभर कुलूपबंद कपाटात राहतात. धर्मग्रामात जन्मलेले बाळ, दृढीकरणासाठी रांगेत उभी राहणारी मुले, अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, या सर्वांना त्याच बाटल्यांतील तेल लागते. तरीही दृढीकरणाच्या वर्गात एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच, की तेल तर वाण्याकडेही मिळते, मग बिशपांनी त्यावर प्रार्थना केली म्हणून त्यात वेगळे काय झाले?

प्रश्न रास्त आहे. खरे तर तो मोठ्यांच्याही मनात असतो, फक्त ते विचारीत नाहीत. या प्रश्नाचे फार जुने आणि फार स्पष्ट उत्तर संत सिरिल यांच्या नावाने आपल्यापर्यंत आले आहे. पण उत्तराआधी माणूस पाहू.

सिरिल यांचा जन्म इ. स. ३१५ च्या सुमारास, जेरुसलेममध्ये किंवा त्याच्या जवळपास झाला. त्या काळी रोमच्या सरकारी दप्तरात जेरुसलेम हे नावही नव्हते. १३५ साली ज्यूंचे बंड मोडल्यावर सम्राट हेड्रियनने शहराचे नाव बदलून एलिया कॅपिटोलिना ठेवले होते, आणि ज्या जागी प्रभूला क्रुसावर खिळले व पुरले त्या जागेवर भर घालून देवीचे मंदिर उभारले होते. सिरिल लहान असताना सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या हुकुमाने ती भर उकरण्यात आली. खाली खडकात कोरलेली कबर मिळाली. तिच्याभोवती आणि कालवरीच्या खडकाजवळ भव्य मंदिर बांधले गेले आणि ३३५ साली त्याचे समर्पण झाले. तेव्हा सिरिल विशीतले तरुण होते. त्या ठिकाणी पूर्वी बाग होती आणि तिच्या खुणा अजून दिसतात, असे ते पुढे आपल्या प्रवचनांत सांगत. पुस्तकातून शिकलेला माणूस असे बोलत नाही. त्यांच्यासाठी सुवार्तेतील जागा म्हणजे रोजच्या येण्याजाण्याची वाट होती.

ते आधी डीकन झाले, मग धर्मगुरू, आणि ३५० च्या आसपास बिशप मॅक्सिमस यांच्यानंतर जेरुसलेमचे बिशप. त्यांच्या बिशपपदाच्या आरंभीच एक गाठ पडली, जी पुढे तीस वर्षे सुटली नाही. त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली ती सिझेरियाचे बिशप अकेशियस यांनी. अकेशियस हे निसियाच्या परिषदेचा विश्वास मनापासून न मानणाऱ्यांपैकी. पुत्र हा पित्याशी एकरूप आहे, या ३२५ सालच्या परिषदेच्या शब्दाला त्यांचा विरोध होता. त्यामुळे निसियाच्या बाजूचे लोक सिरिल यांच्याकडे संशयाने पाहत, आणि संत जेरोमसारख्या कडक पंडिताने तर त्यांच्याविषयी फारच कडू लिहून ठेवले आहे. दुसरीकडे सिरिल यांनी अकेशियस यांचेही कधी ऐकले नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना ते परके. धर्मग्रामाच्या कारभारात ज्यांनी दोन गटांच्या मध्ये उभे राहण्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना सिरिल यांची अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

सिरिल यांचे खरे काम मात्र भांडणाच्या सभांत झाले नाही. ते झाले उपवासकाळात, कालवरीशेजारच्या मंदिरात, दीक्षार्थींच्या समोर. त्या काळी स्नानसंस्कार घेणारे बहुतेक जण मोठ्या वयाचे असत. उपवासकाळाच्या आरंभी त्यांची नावे लिहून घेतली जात आणि पास्काच्या रात्री त्यांना स्नानसंस्कार दिला जाई. मधल्या आठवड्यांत बिशप त्यांना शिकवीत. सिरिल यांची प्रास्ताविक धरून एकोणीस प्रवचने ऐकणाऱ्यांनी उतरवून घेतली, म्हणून ती आपल्याला मिळाली.

त्यांतील प्रास्ताविक आम्हांला विशेष आवडते. समोर बसलेल्या मंडळींचे सिरिल यांना पुरते ज्ञान होते. कोणी एखाद्या बाईच्या मनात भरावे म्हणून आला असेल, कोणी धन्याला बरे वाटावे म्हणून, कोणी मित्राच्या सांगण्यावरून. सिरिल त्यांना हाकलून देत नाहीत. कोणत्याही आमिषाने का होईना, तू जाळ्यात आला आहेस, आता जाळ्यातून निसटू नकोस, या अर्थाचे ते बोलतात. पुढे ते अगदी साध्या सूचनाही देतात. आपली पाळी येईपर्यंत पुरुषांनी पुरुषांत बसावे, एकाने पुस्तक वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, पुस्तक नसेल तर प्रार्थना करावी. गप्पा मारू नयेत, हे वेगळे लिहिण्याची गरज नाही. आजच्या वर्गातही तेच सांगावे लागते.

आता तेलाकडे येऊ. त्या काळच्या ख्रिस्तसभेत एक शिस्त होती. स्नानसंस्कार, क्रिझम आणि ख्रिस्तशरीर यांचा अर्थ आधी सांगत नसत. दीक्षार्थी आधी संस्कार घेत, आणि पास्काच्या आठवड्यात, पांढरी वस्त्रे अंगावर असतानाच, त्यांना प्रभूच्या कबरेजवळ बसवून जे घडले त्याचा उलगडा करीत. सिरिल यांच्या नावावर अशी पाच प्रवचने आहेत. त्यांतील दुसऱ्यात एका तेलाचा उल्लेख येतो आणि तिसरे प्रवचन संपूर्णपणे क्रिझमविषयी आहे.

त्यांत दिलेला विधी थोडक्यात असा. पास्काच्या रात्री दीक्षार्थी बाहेरच्या दालनात पश्चिमेकडे तोंड करून उभे राहत. पश्चिम म्हणजे मावळतीची, अंधाराची दिशा. तिकडे हात करून ते सैतानाचा, त्याच्या कामांचा आणि त्याच्या थाटामाटाचा त्याग करीत. मग पूर्वेकडे वळून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावरील विश्वास प्रकट करीत. आतल्या दालनात गेल्यावर अंगावरची वस्त्रे उतरवीत आणि मग डोक्याच्या केसांपासून पायांपर्यंत त्यांना तेल लावले जाई. हे पहिले तेल. सैतानाला पळवून लावण्यासाठी त्यावर प्रार्थना केलेली असे. सिरिल सांगतात, की रानटी जैतुनाची फांदी कापून चांगल्या जैतुनावर कलम करावी, तसे या तेलाने तुम्ही प्रभू येशूवर कलम केले गेलात आणि त्या झाडाच्या रसाचे भागीदार झालात. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातील ही उपमा आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी आंब्याची किंवा चिकूची कलमे बांधली आहेत, त्यांना ती चटकन पटेल. कलम बांधताना फांदी कापावीच लागते. कापल्याशिवाय जोड होत नाही.

त्यानंतर ते पाण्यात उतरत, तीनदा बुडून वर येत. आणि पाण्यातून वर आल्यावर दुसरे तेल, ज्याला ग्रीक भाषेत मुरोन म्हणत आणि ज्याला आपण क्रिझम म्हणतो. हे सुगंधी असते. ते आधी कपाळाला लावले जाई, मग कानांना, मग नाकाला, मग छातीला. प्रत्येक जागेचा अर्थ सिरिल पवित्र शास्त्रातून काढतात. पहिल्या माणसाने पाप केल्यावर लाजेने तोंड लपविले, ती लाज कपाळावरून पुसली जावी आणि प्रभूचे तेज उघड्या चेहऱ्याने पाहता यावे. कान यशया संदेष्ट्याने सांगितल्याप्रमाणे शिष्याचे कान व्हावेत, देवाचे रहस्य ऐकणारे. नाकाला सुगंधी तेल लागल्यावर आपण स्वतः देवासमोर ख्रिस्ताचा सुगंध आहोत, हे पौलाचे वचन आठवावे. आणि छातीला लागलेले तेल हे नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, सैतानाशी झुंजण्यासाठी.

याच प्रवचनात वर्गातल्या मुलाचे उत्तर आहे. सिरिल आपल्या ऐकणाऱ्यांना बजावतात, की हे साधे तेल समजू नका. ख्रिस्तयागात पवित्र आत्म्याला पाचारण केल्यावर भाकर ही साधी भाकर राहत नाही, ती ख्रिस्ताचे शरीर होते. तसेच त्या प्रार्थनेनंतर हे तेलही साधे तेल राहत नाही, ते ख्रिस्ताचे दान होते आणि पवित्र आत्म्याच्या सान्निध्याने काम करते. दिसणाऱ्या तेलाने शरीराला अभ्यंग होतो आणि न दिसणाऱ्या पवित्र आत्म्याने आत्मा पवित्र होतो.

इथे थोडी सावधगिरी हवी, म्हणून एक बाजूची गोष्ट सांगतो. भाकर आणि तेल यांत ख्रिस्तसभेने पुढे स्पष्ट फरक केला आहे. भाकरीचे सारतत्त्वच बदलते, म्हणून आपण ख्रिस्तशरीरापुढे गुडघे टेकतो. तेलापुढे टेकत नाही. तेल हे तेलच राहते, पण देव त्याला आपल्या कामाचे साधन करून घेतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही द्रव्य आणि रूप, कारण आणि साधन यांच्या बऱ्याच व्याख्या पाठ केल्या. सुताराच्या हातातील पटाशी स्वतः खुर्ची घडवीत नाही, पण सुतार तिच्याशिवाय घडवीत नाही. त्या व्याख्यांचा उपयोग आम्हांला नेमका येथे झाला. आशीर्वादाने तेलात काही जादू शिरत नाही. ज्याने तेल निर्माण केले तोच ते हातात घेतो. आणि म्हणूनच कोणी थोडे तेल घरी नेण्यासाठी मागितले की आम्ही नाही म्हणतो. ते औषध किंवा ताईत नव्हे. ज्या संस्कारासाठी ते आशीर्वादित झाले, त्या संस्काराबाहेर त्याचे काम नाही.

या प्रवचनात सिरिल आणखी एक धाडसी गोष्ट सांगतात. येशूला कोणा माणसाने तेलाचा अभ्यंग केला नव्हता. यार्देन नदीतून वर आल्यावर पित्याने त्याला पवित्र आत्म्याने अभिषिक्त केले. म्हणून तो ख्रिस्त, म्हणजे अभिषिक्त. आणि ज्यांना पाण्यातून वर आल्यावर क्रिझम लागले तेही योग्य अर्थाने ख्रिस्त म्हणवले जातात. जुन्या करारात अहरोनाला आणि शलमोनाला अभिषेक झाला, पण ती पुढच्या गोष्टीची सावली होती. ख्रिस्ती हे नाव म्हणजे एखाद्या जातीचे किंवा समाजाचे नाव नव्हे, ते तेलाचे नाव आहे. शाळेच्या दाखल्यावर आपण ते किती सहज लिहितो!

तेल असे खुलवून सांगणाऱ्या बिशपाच्या आयुष्यात मग दुष्काळ आला. जेरुसलेमच्या परिसरात धान्य मिळेनासे झाले. लोक आपल्या बिशपाकडे आले. सिरिल यांच्यापाशी पैसे नव्हते. चर्चमध्ये मात्र मौल्यवान पडदे, भांडी, वस्त्रे होती, त्यांतील कित्येक राजघराण्याच्या दानातली. सिरिल यांनी ती गुपचूप विकली आणि लोकांना अन्न दिले. पुढे कोणा दात्याने आपण दिलेले कापड एका नाटकवालीच्या अंगावर पाहिले, चौकशी केली आणि माग व्यापाऱ्यावरून थेट बिशपापर्यंत पोहोचला, असे जुना इतिहासकार सोझोमेन सांगतो. दुसरा इतिहासकार थिओडोरेट याच्या म्हणण्याप्रमाणे ते वस्त्र सम्राट कॉन्स्टन्टाइनने बिशप मकारियस यांना स्नानसंस्काराच्या वेळी घालण्यासाठी दिलेले सोनेरी जरीचे वस्त्र होते.

दोन्ही कथा बाजूला ठेवल्या तरी विक्रीचा आरोप खरा होता आणि सिरिल यांच्यावर तो ठेवण्यात आला. अकेशियस यांना निमित्त हवेच होते. मूळ भांडण मानाचे आणि विश्वासाचे होते. जेरुसलेम हे प्रभूच्या मरणाचे आणि पुनरुत्थानाचे शहर, पण सरकारी व्यवस्थेत सिझेरियाचे बिशप वरचे. निसियाच्या परिषदेने जेरुसलेमला मान दिला, अधिकार मात्र सिझेरियाकडे ठेवला. सिरिल बोलावणी येऊनही अकेशियस यांच्यासमोर गेले नाहीत. ३५७ साली त्यांना पदावरून काढून शहराबाहेर घालविण्यात आले.

ते टार्सस येथे गेले, संत पौलाच्या गावी. तिथले बिशप सिल्वेनस यांनी त्यांना आसरा दिला आणि प्रवचनेही करू दिली. अकेशियस यांनी ती बंद करा म्हणून पत्र धाडले, पण टार्ससच्या लोकांना सिरिल यांचे बोलणे इतके आवडत असे, की सिल्वेनस यांनी ते मानले नाही. पदावरून काढलेला बिशप परक्या गावात शिकवीत बसला होता.

३५९ साली सेल्युशिया येथील परिषदेत सिरिल यांना पुन्हा मान्यता मिळाली. पण पुढच्याच वर्षी अकेशियस यांनी कॉन्स्टन्टिनोपलमध्ये सम्राटाचे कान भरले आणि सिरिल दुसऱ्यांदा हद्दपार झाले. ३६१ साली जुलियन सम्राट झाला. तो स्वतः ख्रिस्ती विश्वास सोडून जुन्या देवांकडे परतलेला. ख्रिस्ती लोकांत भांडणे वाढावीत या हेतूने त्याने सर्व हद्दपार बिशपांना परत येऊ दिले, असे म्हणतात. हेतू काहीही असो, सिरिल घरी परतले. ३६३ साली जुलियनने जेरुसलेममधील ज्यूंचे मंदिर पुन्हा बांधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ते शहरातच होते. भूकंप झाला, पायाच्या कामात आग लागली आणि काम थांबले. त्याच वर्षी जुलियन इराणच्या लढाईत मेला. ३६७ साली सम्राट व्हॅलेन्सने सिरिल यांना तिसऱ्यांदा हाकलले, आणि या वेळी तब्बल अकरा वर्षे ते परत येऊ शकले नाहीत. बिशपपदाच्या पस्तीस-छत्तीस वर्षांपैकी सोळाएक वर्षे त्यांनी हद्दपारीत काढली.

या वर्षांचा विचार करताना आम्हांला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. सिरिल यांच्या हातून पदाचे सर्व काही काढून घेता आले. मंदिर गेले, आसन गेले, त्यांच्या जागी दुसरी माणसे बसविली गेली. त्यांच्या दीक्षेवरही बोट ठेवले गेले, कारण ती अकेशियस यांच्या हातची. पण त्यांनी ज्यांच्या कपाळाला क्रिझम लावले होते, त्यांच्या कपाळावरून ते कोणत्याही सम्राटाच्या हुकुमाने पुसता आले नाही. सिरिल याला शिक्का म्हणत, न मोडणारा शिक्का. आणि तेच त्यांच्या स्वतःच्या बाबतीतही खरे ठरले. हात कोणाचे होते यावर देवाच्या दानाची किंमत अवलंबून नसते. ३८१ साली कॉन्स्टन्टिनोपल येथे सार्वत्रिक परिषद भरली, सिरिल तिला हजर होते. निसियाचा विश्वास तेथे कायम झाला, आणि दर रविवारी आपण मिस्सामध्ये म्हणतो तो श्रद्धेचा अंगीकार त्याच परिषदेशी जोडलेला आहे. पुढच्या वर्षी तेथे जमलेल्या बिशपांनी रोमला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले, की सिरिल यांना बिशपपद नियमाप्रमाणे मिळाले आहे आणि एरियसच्या मताच्या लोकांशी ते निरनिराळ्या ठिकाणी झगडले आहेत. हे प्रमाणपत्र मिळाले तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या पुढे होते.

आता आपल्या तीन बाटल्यांविषयी थोडे. आजही हे काम बिशपांचे आहे. पवित्र गुरुवारी सकाळी, किंवा त्या दिवशी सर्व धर्मगुरूंना जमणे कठीण असेल तर त्याआधीच्या एखाद्या दिवशी, क्रिझम मिस्सा होते. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली पवित्र सप्ताहाच्या विधींची फेररचना केली, तेव्हा ही सकाळची मिस्सा पुन्हा वेगळी झाली. पोप सहावे पॉल यांच्या काळात, १९७० साली, त्याच मिस्सामध्ये धर्मगुरूंनी आपल्या दीक्षेची वचने नव्याने उच्चारण्याची प्रथा आली. रुग्णांच्या तेलाला आणि दीक्षार्थींच्या तेलाला बिशप आशीर्वाद देतात. क्रिझमचे ते समर्पण करतात. तेलात सुगंधी बाल्सम मिसळतात, त्यावर फुंकर घालतात आणि दीर्घ प्रार्थना म्हणतात. त्या प्रार्थनेत जलप्रलयानंतर जैतुनाची डहाळी घेऊन आलेले कबूतर येते, अहरोनाला अभिषेक करणारा मोशे येतो, यार्देन नदीतील येशू येतो. त्या वेळी धर्मगुरू आपले उजवे हात क्रिझमच्या दिशेने पुढे करतात, बोलत मात्र नाहीत. फुंकर घालण्याची कृती पाहून पुष्कळांना नवल वाटते. ती पुनरुत्थित प्रभूने शिष्यांवर टाकलेल्या श्वासाची आठवण आहे.

तेल जैतुनाचेच असावे असा पूर्वी नियम होता. जैतून न पिकणाऱ्या देशांचा विचार करून सहाव्या पॉल यांनी झाडापासून काढलेले दुसरे तेलही चालेल असे ठरविले. आपल्याकडे जैतून नाही, पण तेलाचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी आजी खोबरेल लावून त्याचे अंग चोळते, तेव्हा ती त्याला बळकट करीत असते. दीक्षार्थींचे तेल बाळाच्या छातीला लावतो तेव्हा आम्हीही तेच करतो. नंतर क्रिझम टाळूला. दृढीकरणात तेच क्रिझम कपाळाला. गुरुदीक्षेत धर्मगुरूच्या तळहातांना, बिशपदीक्षेत डोक्यावर. आपल्या वेदीचे समर्पण झाले तेव्हा वेदीच्या दगडालाही.

रुग्णांच्या तेलाविषयी मात्र स्पष्ट बोलावेसे वाटते. संत याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने वडील मंडळींना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. आजाऱ्याने, मरणाऱ्याने नव्हे. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली हा संस्कार त्याच मूळ अर्थाने नव्याने मांडला. असे असूनही अखेरचा अभ्यंग हे जुने नाव आपल्या घरांतून जात नाही, आणि आम्हांला बोलावणे येते ते माणूस शुद्धीवर नसताना, रात्री दोन वाजता. कधी कधी घरचे सांगतात, की फादरना पाहून आजोबा घाबरतील म्हणून आधी बोलावले नाही. शस्त्रक्रियेच्या आधी, दीर्घ आजारात, म्हातारपणाच्या थकव्यात हे तेल घ्यावे. आजोबांना ऐकू येत असताना प्रार्थना झालेली बरी.

सिरिल यांची शेवटची वर्षे जेरुसलेममध्ये गेली. शहर सोपे नव्हते. त्याच सुमारास तेथे येऊन गेलेल्या न्यासाच्या संत ग्रेगरी यांनी तेथील लोकांच्या वागण्याविषयी फार नाराजी लिहून ठेवली आहे. पवित्र जागी राहिल्याने माणसे आपोआप पवित्र होत नाहीत, असा त्यांचा अनुभव. पण त्याच दशकात एजेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून तीर्थयात्रेला आली आणि तिने जे पाहिले ते आपल्या भगिनींना लिहून कळविले. तिने बिशपांचे नाव दिलेले नाही, पण काळावरून ते सिरिलच असावेत असे अभ्यासक मानतात. उपवासकाळात सकाळी तीन तास बिशप दीक्षार्थींना शिकवीत बसतात, असे ती सांगते. बिशप ग्रीक भाषेतच बोलतात, पण पुष्कळांना ग्रीक येत नाही, म्हणून शेजारी एक धर्मगुरू उभा राहून त्यांचे बोलणे सिरियाक भाषेत सांगतो, आणि लॅटिन जाणणाऱ्यांसाठीही कोणी ना कोणी असतो. लोकांना आपल्या भाषेत कळले पाहिजे ही काळजी १६०० वर्षांपूर्वीही होती. पास्काच्या आठवड्यात पुनरुत्थान मंदिराचे दरवाजे बंद करून बिशप संस्कारांचा अर्थ उलगडतात, तेव्हा नवदीक्षित आनंदाने इतका जयघोष करतात की तो बाहेरपर्यंत ऐकू येतो, असेही तिने नोंदविले आहे.

परंपरेप्रमाणे ३८६ साली, १८ मार्चला सिरिल मरण पावले. ऐन उपवासकाळ होता. त्यांच्यानंतर योहान हे जेरुसलेमचे बिशप झाले आणि संस्कारांचा अर्थ सांगण्याचे काम त्यांच्याकडे आले. पास्काच्या आठवड्यातील ती पाच प्रवचने काही जुन्या हस्तलिखितांत सिरिल यांच्या नावाने आहेत, काहींत योहान यांच्या, तर काहींत दोघांच्याही. पंडित त्यावर अजून वाद घालतात. आम्हांला वाटते, गुरूने वर्षानुवर्षे सांगितलेले शिष्याने पुढे सांगितले आणि ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवले. आपल्या चर्चसाठी आणलेली नवी तेले पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी वेदीकडे आणली जातील. गेल्या वर्षीचे उरलेले तेल नियमाप्रमाणे जाळून संपविले जाईल.